'वुड यू माइंड' असं विचारलं, तर 'येस' म्हणू नका

सकाळची पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी होती. लोणावळ्याला एक वयस्क परदेशी बाई डब्यात चढल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, पण तिच्यावर मी माझी पिशवी ठेवली होती. बाई थांबल्या, पिशवीकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "वुड यू माइंड मूव्हिंग युअर बॅग?" मी लगबगीनं "येस, येस" म्हटलं आणि पिशवी उचलायला वळले. पिशवीचा बंद सीटच्या दांडीत अडकला होता. तो सोडवून मान वर करते, तर बाई "ओह, सॉरी" म्हणत दाराकडे निघालेल्या. मध्ये माणसं उभी होती. माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचली नाही, आणि कल्याण येईपर्यंत त्या दाराजवळच्या दांडीला धरून उभ्या दिसत राहिल्या.

माझ्या मनात होतं, 'हो हो, बसा ना'. त्यांना ऐकू आलं, 'हो, माझी हरकत आहे'.

ही गोष्ट मला फार दिवस सलत राहिली. नंतर मी मोठ्या माणसांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की हीच चूक वर्गातले जवळजवळ सगळे करतात. परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या परिचारिका, दुकान सांभाळणारे, मुलांकडे अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा, कुणीही त्यातून सुटत नाही. शब्द तीनच आहेत, तिन्ही ओळखीचे आहेत, तरी उत्तर उलटं जातं. म्हणून या एका वाक्प्रयोगाला मी वर्गात पूर्ण संध्याकाळ देते. त्या संध्याकाळी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. जमल्यास मोठ्यानं म्हणत वाचा.

चूक होते कुठे

हे वाक्य ऐकल्यावर आपण मनातल्या मनात त्याचं मराठी करतो. ते बहुतेकदा असं होतं: 'पिशवी बाजूला घेतली तर चालेल का?' या प्रश्नाचं होकारार्थी उत्तर 'हो, चालेल'. मग तोंडातून 'येस' जातं.

पण इंग्रजी माणसानं 'चालेल का' असं विचारलेलंच नसतं. 'माइंड' या क्रियापदाचा इथला अर्थ आहे हरकत असणं, अडचण वाटणं. त्यानं विचारलेलं असतं, 'पिशवी बाजूला घ्यायला तुमची हरकत आहे का?' आता याच मराठी प्रश्नाचं उत्तर द्या बरं. तुम्ही सहज म्हणाल, 'नाही नाही, हरकत कसली!' म्हणजे योग्य उत्तर तुम्हाला येतंच. फक्त मनातलं भाषांतर चुकीच्या शब्दाला जोडलं गेलं होतं.

म्हणून पहिली पायरी हीच. 'माइंड' ऐकू आलं की डोक्यात 'हरकत' उमटली पाहिजे. 'चालेल' उमटता कामा नये. मराठीत हा शब्द आयता आहे, हे आपलं भाग्य. हिंदीत 'हरकत' म्हटलं की भलताच अर्थ होतो, पण आपण 'माझी काही हरकत नाही' हे घरात, सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या बोलणीत सगळीकडे म्हणतो. 'वुड यू माइंड' हे त्याच घरातलं वाक्य आहे.

एक आठवडाभर असं करून बघा. मराठीत कुणाला काही विचारताना 'चालेल का' ऐवजी मुद्दाम 'तुमची हरकत नाही ना' म्हणा आणि समोरचा काय म्हणतो ते ऐका. 'नाही' किंवा 'छे छे' हेच येईल. तो 'नाही' कानात बसला की इंग्रजीतला 'नो' आपोआप जागेवर येतो.

'माइंड'चा अर्थ हरकत कसा झाला

हे जाणून घेतलं नाही तरी बोलता येईल, पण मला ते शिकवायला फार आवडतं, कारण शब्द एकदा कळला की पाठांतर कमी होतं.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आठवण असा होता. स्कॉटलंडमध्ये आजही 'माइंड' हे क्रियापद आठवणं या अर्थानं वापरतात. आठवणीत ठेवणं म्हणजे लक्षात ठेवणं, आणि त्यातून लक्ष देणं हा अर्थ आला. तो तर आपण रोज ऐकतो. मुंबईच्या लोकलमध्ये पायदान आणि फलाट यांच्यातल्या फटीबद्दल इंग्रजी सूचना होते, तिच्यात 'माइंड द गॅप' हेच शब्द असतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत ही सूचना 1960च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि पुढे जगभर ओळखीची झाली. तिथे 'माइंड' म्हणजे 'लक्ष असू द्या, सांभाळा'. बुटक्या दारावर 'माइंड युअर हेड' लिहिलेलं असतं, म्हणजे डोकं सांभाळा.

एखाद्या गोष्टीकडे लक्ष जातं, मग ती मनाला खुपते, मग तिच्याबद्दल हरकत वाटते. या वाटेनं शब्द आजच्या अर्थापर्यंत आला. आपलं 'मनाला लावून घेणं' याच वाटेवरचं आहे. आणि 'माइंड' व आपले 'मन', 'मती' हे शब्द मुळात एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. वर्गात हे सांगितलं की चेहऱ्यावरचं परकेपण जरा उतरतं.

काम कोण करणार, ते आधी ठरवा

आता वाक्य कसं रचायचं ते. बोलायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: काम समोरच्यानं करायचं आहे, की मला करायचं आहे? सगळी रचना त्यावर ठरते.

काम समोरच्यानं करायचं असेल, तर 'वुड यू माइंड' नंतर क्रियापदाला 'इंग' लावायचं.

'वुड यू माइंड क्लोजिंग द विंडो?' जरा खिडकी लावता का?
'वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?' पुन्हा एकदा सांगाल का?
'वुड यू माइंड वेटिंग फॉर अ मिनिट?' एक मिनिट थांबता का?
'वुड यू माइंड स्पीकिंग अ लिटल स्लोअर?' थोडं सावकाश बोलाल का?

शेवटची दोन वाक्यं फोनवर इंग्रजी बोलताना फार उपयोगी पडतात. समोरचा भरभर बोलत असेल तर आपण गप्प बसतो आणि नंतर घोटाळा होतो. त्यापेक्षा हे वाक्य पाठ असू द्या. कुणालाही त्याचा राग येत नाही.

इथे मराठी माणसाची ठरावीक चूक अशी: 'वुड यू माइंड टू क्लोज द विंडो'. कारण उघड आहे. मनात 'बंद करायला हरकत आहे का' असतं आणि त्यातल्या '-ला'चं आपण 'टू' करतो. 'माइंड'च्या पुढे 'टू' येत नाही. नुसतं 'माइंड क्लोज' हेही चालत नाही. 'क्लोजिंग'च.

काही करू नका असं सांगायचं असेल तर 'नॉट' हा शब्द 'इंग'वाल्या क्रियापदाच्या आधी ठेवायचा. 'वुड यू माइंड नॉट स्मोकिंग हिअर?' म्हणजे इथे सिगारेट नाही ओढलीत तर बरं होईल. पुष्कळजण 'वुड यू माइंड डोन्ट स्मोक' म्हणतात. ते समजतं, पण कानाला आदळतं, आणि नाजूक विनंती करताना नेमकं तेच नको असतं.

आता दुसरी बाजू. काम मला करायचं आहे आणि मी परवानगी मागतो आहे. मग 'वुड यू माइंड इफ आय' आणि पुढे क्रियापदाचं भूतकाळी रूप.

'वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?'
'वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?'
'वुड यू माइंड इफ आय लेफ्ट अर्ली टुडे?'
'वुड यू माइंड इफ आय टुक अ फोटो?'

इथे हमखास हात वर होतो. 'मॅडम, खिडकी तर अजून उघडायची आहे, मग भूतकाळ कशाला?' मी विचारते, मराठीत तुम्ही काय म्हणता? 'मी खिडकी उघडली तर चालेल का?' 'मी इथे बसलो तर चालेल का?' उघडली, बसलो. ही रूपं भूतकाळाचीच आहेत की! खिडकी बंद आहे, आपण उभे आहोत, तरी 'उघडली तर', 'बसलो तर' म्हणतो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. इंग्रजीची सवयही अगदी तशीच आहे. 'उघडली तर' म्हणजे 'इफ आय ओपन्ड', 'बसलो तर' म्हणजे 'इफ आय सॅट'. हे एवढं कळलं की नियम घोकावा लागत नाही. ज्या मराठी मुलांना शाळेत हा भाग अवघड म्हणून सोडायला सांगितला गेला, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. त्यांची भाषा त्यांना हे आधीच शिकवून बसली होती.

'वुड'च्या जागी 'डू' घेतलं, तर भूतकाळाची गरज नाही: 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' हे जरा कमी औपचारिक, ओळखीत चालणारं. बोलताना इंग्रज माणसंसुद्धा 'वुड'बरोबर 'सिट' म्हणून जातात, त्यामुळे तुमच्याकडून ते झालं तर जीभ चावू नका. लिहिताना मात्र 'सॅट' लिहा.

उत्तर देणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

विनंती मान्य असेल, तर सर्वांत भरवशाचं उत्तर आहे 'नॉट ॲट ऑल'. मुळीच हरकत नाही. हे एक उत्तर कुठेही चालतं: दुकानात, दवाखान्यात, साहेबांपुढे, अनोळखी माणसापुढे. वेळेला दुसरं काही सुचलं नाही तरी हे सुचायला हवं. 'ऑफ कोर्स नॉट' हेही चांगलं, त्यात जरा जास्त आपुलकी आहे. पण त्यातला 'नॉट' गिळू नका, कारण 'ऑफ कोर्स' एवढंच उरलं तर शब्दशः अर्थ 'अर्थातच हरकत आहे' असा होतो.

मग 'शुअर'? इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसं स्वतःच 'वुड यू माइंड'ला 'शुअर' किंवा 'शुअर, नो प्रॉब्लेम' म्हणतात. व्याकरणाच्या तराजूत ते बसत नाही, पण ती विनंतीला दिलेली दाद असते आणि सगळ्यांना समजते. समोरासमोर असताना, हसत आणि काम करता करता 'येस, ऑफ कोर्स' म्हटलं तरीसुद्धा बहुतेक वेळा निभावतं. पण नुसतं, एकटं 'येस' आणि त्यानंतर क्षणभर शांतता, हे घातक. माझ्या बाबतीत तेच झालं. 'येस' म्हणून मी पाठ वळवली होती. पिशवी उचलताना त्यांना माझी पाठ दिसली आणि शब्द तेवढे उरले.

आता एक बारीक फरक, जो पुस्तकात सहसा सापडत नाही. परवानगी मागितली असेल, म्हणजे 'इफ आय' असेल, तर 'नो, गो अहेड' हे उत्तर छान बसतं. खुशाल करा. पण काम तुम्हाला सांगितलं असेल तर 'गो अहेड' म्हणायचं नाही. कुणी म्हणालं, 'वुड यू माइंड क्लोजिंग द विंडो?' आणि तुम्ही म्हणालात, 'गो अहेड', तर त्याचा अर्थ 'तुम्हीच लावा' असा होतो. अशा वेळी 'नॉट ॲट ऑल' म्हणा आणि उठा. किंवा 'शुअर, जस्ट अ मोमेंट'.

पत्रात आणि ईमेलमध्ये सूर ऐकू येत नाही, म्हणून तिथे जास्त जपा. साहेबांनी लिहिलं, 'वुड यू माइंड सेंडिंग मी द फाइल बाय फ्रायडे?' आणि तुम्ही उत्तरात 'येस' एवढंच लिहिलंत, तर समोरचा माणूस ते दोनदा वाचेल. 'हो' की 'नाही' हे नुसत्या एका शब्दावर सोडूच नका. कृती लिहा: 'नॉट ॲट ऑल. आय विल सेंड इट बाय फ्रायडे.' फोनवरही हीच युक्ती. हरकत नाही हे सांगून लगेच काय करणार ते सांगितलं, की गैरसमजाला जागा राहत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे नकारात्मक प्रश्नाला उत्तर देण्याची रीतच वेगळी आहे. 'तुम्ही चहा घेत नाही ना?' याला आपण 'हो' म्हणतो, म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी घेत नाही. इंग्रजीत तिथे 'नो' येतो, कारण घेत नाही ही वस्तुस्थिती नकारार्थी आहे. त्यामुळे 'यू डोन्ट माइंड, डू यू?' असा प्रश्न आला की मराठी मन दुहेरी कात्रीत सापडतं. तिथेही तोच तोडगा: 'नो, नॉट ॲट ऑल.' प्रश्न कसाही फिरवलेला असो, हरकत नसेल तर 'नो'च.

नकार द्यायचा असेल तर

खरंच हरकत असेल तेव्हाही 'येस, आय माइंड' म्हणत नाहीत. ते भांडणाचं वाक्य आहे. आपण मराठीत 'खरं तर...' म्हणून जरा थांबतो आणि मग अडचण सांगतो. इंग्रजीत त्या जागी 'ॲक्च्युअली' किंवा 'आय ॲम सॉरी, बट' येतं. शेजारची जागा कुणाची तरी आहे: 'आय ॲम सॉरी, समवन इज सिटिंग हिअर.' खोलीत आजारी माणूस आहे आणि कुणाला पंखा लावायचा आहे: 'ॲक्च्युअली, आय वुड रादर यू डिडन्ट. माय मदर इज नॉट वेल.' यातलं 'आय वुड रादर यू डिडन्ट' म्हणजे 'नाही केलंत तर बरं'. वाक्य थोडं लांब आहे, पण एकदा तोंडात बसवाच. मान ठेवून नकार देता येणं ही मोठी सोय आहे. ती नसली की आपण मन मारून होकार देतो, किंवा एकदम तुटक बोलून जातो.

कानाला कसं लागतं

पुस्तकात तीन सुटे शब्द दिसतात, कानाला दोनच येतात. 'वुड' आणि 'यू' जोडले जातात आणि मधल्या 'ड' व 'य'चा मिळून 'ज' होतो: 'वुज्यू माइंड'. हे माहीत नसल्यामुळे वर्गातल्या एका परिचारिकेला पहिल्या सरावात प्रश्नच ओळखता आला नव्हता. 'वुज्यू' हा कुठला शब्द, या विचारात ती अडकली आणि पुढचं सगळं निसटलं. तुम्ही स्वतः 'वुड यू' असं सुटं म्हटलंत तरी चालेल, पण कान 'वुज्यू'साठी तयार ठेवा.

शेवटी आवाज थोडा वर न्यायचा. 'विंडो' म्हणताना खाली आणलात, तर विनंतीचा हुकूम होतो. 'वुड यू माइंड टेलिंग मी व्हॉट इज गोइंग ऑन?' हे वाक्य खालच्या, सपाट सुरात आलं तर समजा की माणूस चिडलेला आहे. रांगेत कुणी मध्ये घुसलं की भुवया उंचावून नुसतं 'डू यू माइंड!' म्हणतात. तो प्रश्न नसतो, 'अहो, हे काय!' अशी कानउघाडणी असते. तिथे 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं नसतं, मागे सरायचं असतं.

कुणाशी वापरावं, कुठे वापरू नये

मराठीत नम्रता क्रियापदाच्या अंगात असते. 'लाव', 'लावा', 'लावता का', 'लावाल का', आणि अलगद पुढे ठेवलेलं 'जरा' किंवा 'तेवढं'. 'तेवढी खिडकी लावाल का?' यात आर्जव आहे, मान आहे, आणि एकही जास्तीचं वाक्य नाही. इंग्रजीत आता 'तू' आणि 'तुम्ही' यांना एकच 'यू' उरला आहे. म्हणून ते काम अशा वाक्प्रयोगांवर येऊन पडतं. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषा शेजारी ठेवून दाखवलं, की समोरच्यावर आपलं ओझं पडू नये ही काळजी तिन्ही भाषा घेतात, मार्ग आपापले असतात. 'वुड यू माइंड' हा त्या काळजीचा इंग्रजी मार्ग आहे. समोरच्याला 'नाही' म्हणायला दार उघडं ठेवायचं.

म्हणून अनोळखी माणूस, सहकारी, साहेब, शेजारी यांच्याशी हे शोभतं. अगदी जवळच्या माणसाशी रोजच्या बारीकसारीक कामासाठी वापरलं तर दूरचं वाटतं, कधी रुसल्यासारखंही. मुलाला मीठ मागताना 'पास द सॉल्ट, प्लीज' पुरे. आणि घाईच्या, धोक्याच्या वेळी तर मुळीच नको. 'वॉच आउट!' तिथे हवं.

एक चूक मात्र आवर्जून सांगते, कारण ती पाहुणचारात होते. 'वुड यू माइंड सम टी?' असं विचारू नका. पाहुण्यांना आपण चहा देतो आहोत, त्यांच्यावर काही लादत नाही. देऊ करताना 'वुड यू लाइक सम टी?' विचारायचं. मागताना 'माइंड', देताना 'लाइक'.

खासगी प्रश्नासाठी याच शब्दाची एक उशी असते: 'इफ यू डोन्ट माइंड माय आस्किंग'. गाडीत शेजारी बसलेल्याला 'कुठे असता, काय करता, मुलं किती' हे विचारणं आपल्याकडे माणुसकीचं लक्षण आहे, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. इंग्रजीत मात्र वय, पगार, लग्न, आजार यांच्याबद्दल विचारण्याआधी ही उशी लावा. 'इफ यू डोन्ट माइंड माय आस्किंग, हाऊ ओल्ड इज युअर फादर?' असं विचारलं की समोरचा मोकळा होतो.

आपलं 'माइंड करणं' आणि त्यांचं

मराठीत 'माइंड' कधीच शिरलेला आहे. 'माइंड नका करू हं', 'तिनं फारच माइंड केलं'. पण आपण तो वाईट वाटून घेणं या अर्थानं घेतला, आणि तोच अर्थ घेऊन इंग्रजीत परत जातो. 'डोन्ट माइंड, बट युअर हँडरायटिंग इज बॅड.' भारतात हे सगळ्यांना कळतं. बाहेरच्या माणसाला मात्र 'डोन्ट माइंड' ही आज्ञा विचित्र लागते. त्याच्याशी बोलताना 'प्लीज डोन्ट टेक इट द राँग वे, बट' म्हणा. आणि 'डोन्ट माइंड मी' ऐकलंत, तर त्याचा अर्थ 'माझ्याकडे लक्ष देऊ नका, तुमचं चालू द्या' एवढाच.

'आय डोन्ट माइंड' म्हणजे 'मला काहीही चालेल'. गाडीनं जायचं की बसनं, या प्रश्नाला ते ठीक. पण कुणी प्रेमानं चहा विचारला आणि तुम्ही 'आय डोन्ट माइंड' म्हणालात, तर 'दिलात तर पिईन' असं कोरडं होतं. तिथे 'येस, प्लीज'. याच्या उलट 'आय वुडन्ट माइंड अ कप ऑफ टी' म्हणजे चहा हवाच आहे. आपण म्हणतो ना, 'चहाला मी नाही म्हणणार नाही', अगदी तेच.

'नेव्हर माइंड' म्हणजे 'राहू दे', 'असू दे'. कुणी चुकून धक्का दिला आणि माफी मागितली, तर हसून म्हणायला चांगलं. दोनदा सांगूनही समोरच्याला कळलं नाही म्हणून आपण 'नेव्हर माइंड' म्हटलं, तर त्यात वैताग ऐकू येतो. वाक्याच्या सुरुवातीचं किंवा शेवटचं 'माइंड यू' म्हणजे आपलं 'बरं का'.

सराव

दोघांनी मिळून करा. एकानं खोलीतली खरी वस्तू दाखवून खरी विनंती करायची: खिडकी, दिवा, खुर्ची, पाण्याचा पेला. दुसऱ्यानं आधी तोंडानं 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं आणि मगच हात हलवायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपला हात जिभेपेक्षा चपळ असतो. तो आधी गेला की जीभ सवयीनं 'येस' म्हणून मोकळी होते. दहा विनंत्या झाल्या की 'इफ आय'वाल्या दहा घ्या आणि उत्तराला 'नो, गो अहेड' वापरा. मग दोन्ही मिसळा. खरी परीक्षा मिसळल्यावरच होते, कारण आता 'क्लोजिंग' आहे की 'इफ आय क्लोज्ड', हे कानाला टिपावं लागतं. एकट्यानं करायचं असेल तर फोनमध्ये स्वतःच्या आवाजात वीस प्रश्न उलटसुलट क्रमानं रेकॉर्ड करा, प्रत्येकानंतर चार सेकंद जागा सोडा, आणि स्वयंपाक करताना लावून उत्तरं द्या.

ज्या परिचारिकेला 'वुज्यू' कळला नव्हता, ती हा सराव महिनाभर आपल्या नवऱ्याबरोबर करत होती. शेवटच्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सहज, मराठीत, तिला म्हटलं, "जरा पंखा कमी करतेस का?" ती म्हणाली, "नॉट ॲट ऑल," आणि मग उठली.